गॅसबाईंचं नाक

"गळती! सगळे बाहेर! कुणी काडी ओढू नका, दिव्याच्या बटणाला हात लावू नका!"

एवढ्या खणखणीत आवाजात कुणी ओरडलं की माणसं आधी पळतात आणि मग विचार करतात. वाइनरीच्या वरच्या दालनात ग्लास तिरका धरून, डोळे मिटून 'अहाहा' म्हणायची तालीम चालली होती. तिथले वीस-पंचवीस पाहुणे धडाधड जिना उतरून अंगणात आले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. एक गृहस्थ ग्लास हातात घेऊनच पळाले होते. पाऊस त्यात पडू नये म्हणून त्यांनी वर हात धरला होता. जीव गेला तरी चालेल, फुकटची वाइन पातळ व्हायला नको!

ओरडणारी बाई मात्र बाहेर गेली नाही. ती उलट खाली, तळघराच्या जिन्याकडे धावली. तिची सवयच ती. गॅस कंपनीत गळती शोधायच्या खात्यात तिने एकवीस वर्षं काढली होती. लोक जिथून पळतात तिथे आपण जायचं, हा तिचा धंदाच होता. आणि तिचं नाक! त्या नाकाची ख्याती काय सांगावी? कंपनीची माणसं यंत्र घेऊन अर्धा तास फिरायची आणि ही दारातूनच सांगायची, "मधल्या खोलीत, कपाटामागे." पण यंत्रं सुधारली. यंत्राला रजा लागत नाही आणि सर्दी होत नाही. तेव्हा कंपनीने तिला सत्तेचाळिसाव्या वर्षी हात जोडून स्वेच्छानिवृत्ती दिली. ही सहल म्हणजे तिच्या निरोपाचीच होती. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून तिला वाइनरी दाखवायला आणलं होतं, आणि तिने पहिल्या अर्ध्या तासात ती रिकामी केली.

तळघराची दोन्ही मोठी दारं तिने सताड उघडली. आत गार अंधार होता. एका बाजूला लाकडी पिंपांच्या रांगा होत्या, दुसऱ्या बाजूला पोलादाच्या उंच टाक्या. आणि चौथ्या टाकीपाशी एक गृहस्थ बाह्या सरसावून, नाक ग्लासात बुडवून अगदी निवांत उभे होते.

"अहो, बाहेर व्हा!"

"का?"

"का म्हणजे? वास नाही येत तुम्हाला?"

ते गृहस्थ जरासे थबकले. ग्लासातून नाक बाहेर काढून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पन्नाशीचे असतील. कानांपाशी केस पिकलेले, डोळे मात्र खोडी करून नामानिराळ्या राहिलेल्या मुलासारखे.

"सर्दी झालीये," ते म्हणाले.

तिने पुढे ऐकलंच नाही. ती मान पुढे काढून, नाक जिकडे नेईल तिकडे निघाली. नाक तिला थेट चौथ्या टाकीच्या खालच्या तोटीपाशी घेऊन आलं.

"इथून येतोय."

"बाई, ही वाइनची टाकी आहे."

"मग तुमची वाइन सडतेय," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला आपण काय करून बसलो ते कळलं. कानशिलं गरम झाली. गॅसला मूळचा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक घाण वास मिसळतात, त्या वासाचं सख्खं भावंड या टाकीतून येत होतं. "म्हणजे... सडक्या अंड्याचा वास आहे. अगदी थोडा. पण आहे."

तिला वाटलं, आता हा माणूस हसणार, नाहीतर संतापणार. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. तोटी उघडून थोडी वाइन ग्लासात घेतली, घोट घेतला, तोंडात घोळवला.

"चव तर ठीक आहे," ते हळूच म्हणाले. "थोडा म्हणजे किती?"

"आठ दिवसांनी या पाहुण्यांनासुद्धा येईल इतका."

"हवा लागली नाही की वाइन अशी रुसते. दुसऱ्या टाकीत ओतली की जातो वास. वेळेवर कळलं तर." त्यांनी टाकीवर हात ठेवला. "सहा हजार लिटर वाचवलीत तुम्ही, बाई. कोण आहात तुम्ही?"

"गॅस कंपनीतली आहे. म्हणजे... कालपर्यंत होते."

"असं?" डोळ्यांतली खोडी परत आली. "आणि उद्यापासून?"

तर अशी झाली ओळख. तळघराची जबाबदारी त्या गृहस्थांची, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी त्याच दिवशी वाइनरीच्या मालकीणबाईंना सांगितलं की ही बाई मला शिकाऊ म्हणून हवी. आणि कामगारांनी संध्याकाळपर्यंत तिचं बारसं उरकून टाकलं: गॅसबाई.

घरी ही बातमी कळली तेव्हा थोरल्या बहिणीचा, ताईचा, फोन आला.

"दारूच्या कारखान्यात?"

"अगं ताई, वाइन."

"नाव बदललं म्हणून गुण बदलतात का? या वयात शिकाऊ! लोक नातवंडं खेळवतात."

"लेक विशीत आहे माझी. कुठून आणू नातवंडं?"

"तेच म्हणते मी. लेकीचं बघायचं सोडून..."

लेक शेजारीच बसून ऐकत होती. तिने आईच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "मावशी, माझं मी बघते. आईचंच कुणीतरी बघायला हवं." आणि फोन ठेवून टाकला. दहा वर्षांपूर्वी नवरा वेगळा झाला, तेव्हापासून मायलेकी दोघीच. कोण कुणाची आई हे कधी कधी कळायचं नाही.

काम सोपं नव्हतं हो. पहाटे उठा, दोन बस बदला, रबरी बूट चढवा, टाक्या घासा, पाइप ओढा. पहिल्या महिन्यात कंबरेने असहकार पुकारला. पंचवीस वर्षांची पोरं तिच्यासमोरून पिंपं घरंगळवत न्यायची आणि ही मागे पाइप गुंडाळत बसायची. तिला दोनदा वाटलं, नाकासमोर चालणारी बाई आपण, कुठे या फंदात पडलो! पण दुपारी मास्तर हाक मारायचे, "गॅसबाई, वही घ्या." आणि दिवसाचा रंग पालटायचा.

मास्तर लांब काचेच्या नळीने पिंपातली वाइन काढायचे, ग्लास तिच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय दिसतं?"

"वासात काय दिसणार?"

"डोळे मिटा, मग दिसेल."

तिला वाइनचे शब्द येत नव्हते. वर पाहुण्यांना सांगतात ती फुलं, ती जंगली फळं तिने जन्मात हुंगली नव्हती. मग ती आपलेच शब्द सांगायची.

"नवं दप्तर. शाळेच्या पहिल्या दिवसाचं. आणि मागून... लिंबाची साल."

मास्तर लिहून घ्यायचे. लाल पुठ्ठ्याची वही, पिंपाचा नंबर, त्यापुढे तिचे शब्द.

"हे?"

"इस्त्री नुकतीच फिरवलेली सुती चादर."

"आणि हे?"

"अं... दोन बहिणी भांडून गप्प बसल्या आहेत, अशी खोली."

"वास सांगा, बाई. कादंबरी नको."

"मग तुम्हीच सांगा ना! मास्तर कोण?"

"मास्तरांचं काम प्रश्न विचारायचं," ते म्हणायचे. "उत्तरं विद्यार्थ्यांनी द्यायची. तुम्ही कुठल्या शाळेत होतात?"

ती हसायची. पिंपांच्या रांगेत हसू लांबवर घुमायचं आणि मास्तर लिहिता लिहिता थांबायचे. मग दोघं उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसून डबा खायचे. एकदा तिची भाजी साफ करपली होती. मास्तरांनी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाले, "घमघमाट सुटलाय नुसता." तिला वाटलं, काय हा मनाचा मोठेपणा! तिच्या नवऱ्याने मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं होतं.

"तुम्ही लग्न नाही केलंत?" तिने एकदा धीर करून विचारलं.

"द्राक्षं आणि माणसं वेळेवर तोडावी... म्हणजे जोडावी लागतात," ते म्हणाले. "माझा हंगाम हुकला."

"उशिराच्या द्राक्षांची वाइन गोड होते असं तुम्हीच शिकवलंत परवा."

बोलून गेली, आणि मग जीभ चावली. मास्तरांच्या हातातला घास तसाच राहिला. वर पत्र्यावर पावसाचे चार थेंब टपटपले आणि थांबले. दोघांनीही एकदम डबे बंद केले.

एका मंगळवारी ती निवृत्तीवेतनाच्या कागदांवर सह्या करायला गेली, म्हणून कामावर आली नाही. बुधवारी आली तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "काल पाऊस होता." बास. तिने दिवसभर त्या तीन शब्दांचा कीस काढला. पाऊस होता म्हणजे काय? पाऊस काय, कुणीही असलं नसलं तरी पडतोच की!

गॅसला स्वतःचा वास नसतो असं मघाशी म्हटलं ना? या दुसऱ्या गोष्टीलाही नसतो. गळती कधी सुरू झाली, किती दिवस चालू होती, कळलंच नाही तिला. एवढं नाकाचं कौतुक, पण स्वतःच्या घरातलं तिला लेकीने दाखवलं.

"आई, तू आरशात दोनदा बघितलंस."

"केस विस्कटलेत."

"कामावर टोपी घालतेस ना?"

"गप बस."

लेक गप बसणारी नव्हती. तिने आपली ठेवणीतली अत्तराची कुपी आणली आणि आईच्या गळ्यातल्या रुमालावर, मनगटांवर, कानांमागे सपासप लावली. आईने नको नको म्हटलं, पण ते नको नको कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता तळघराचा पहिला नियम कुठला? अत्तर लावून यायचं नाही. वाइनच्या वासात दुसरा वास मिसळला की चाखणाऱ्याचं गणित चुकतं. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे. ती पाटी रोज वाचणारी आपली गॅसबाई त्या दिवशी पाटीखालून खाली मान घालून आत गेली. मनात म्हणाली, मास्तर रागावतील. रागावू देत. निदान विचारतील तरी, कुणासाठी म्हणून.

सकाळभर ती त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. पाच पिंपं झाली, सहा झाली. पाइप गुंडाळणारी पोरं एकमेकांना कोपरं मारून हसत होती. मास्तर शांतपणे विचारत होते, "काय दिसतं?" आणि तिला त्या अत्तरापुढे कप्पाळ काही दिसत नव्हतं!

मग जिन्यावरून, चांगल्या वीस पावलांवरून, मालकीणबाईंचा आवाज आला. "कोण अत्तराची आंघोळ करून आलंय? पार वरपर्यंत येतोय वास!"

मास्तरांनी दचकून वर पाहिलं, मग तिच्याकडे. आणि त्या एका नजरेत तिला सगळं समजलं. ते लाजले नव्हते, रागावलेही नव्हते. ते घाबरले होते.

तिला एकेक आठवत गेलं. चौथी टाकी. सर्दी. करपलेली भाजी, तिचा घमघमाट. रोजचं 'काय दिसतं'... आणि स्वतःच्या नाकाने एकदाही न दिलेलं उत्तर.

दुपारी खोक्यांवर बसल्यावर तिने डबा उघडलाच नाही.

"किती दिवस झाले?"

"कशाला?" मास्तर म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "आठ महिने. ताप आला होता. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. गोड, आंबट, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं... भिंत. डॉक्टर म्हणतात, येईल तर येईल."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तेवीस वर्षं आहे मी या तळघरात. नाक नसलेल्या मास्तरला कोण ठेवेल?"

"म्हणजे मला कामावर घेतलंत ते नाकासाठी."

मास्तर खोटं बोलू शकले असते. तिला क्षणभर वाटलंही, बोला हो, खोटं बोला.

"हो," ते म्हणाले.

"आणि हे डबे? हे काय दिसतं, ते काय दिसतं... ते सगळं?"

"ते... मला नीट सांगता येणार नाही."

"राहू द्या मग," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला. सत्तेचाळीस वर्षांची बाई, कुणासाठी अत्तर लावून आली! ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी!

पण राग किती का असेना, बुडणाऱ्याला बघवत नाही. आणि मास्तर बुडणार होते, तेही दोन महिन्यांनी, अगदी ठरल्या दिवशी. दर हंगामाच्या शेवटी एक मोठा व्यापारी येई आणि मालकीणबाई त्याच्यापुढे चार ग्लास मांडत. ग्लासांवर नंबर नाही. त्यांत एक मुद्दाम बिघडलेल्या, कुबट पिंपातला. तो मास्तरांनी नुसत्या वासावर ओळखायचा, आणि बाकीच्या तीन वाइनचं वर्णन करायचं. व्यापारी खूश, वर्षाचा माल खपला. गेल्या वर्षीपर्यंत मास्तरांच्या हातचा मळ होता तो.

त्या दोन महिन्यांत ती कामावर येत राहिली, वासही सांगत राहिली, पण जेवढ्यास तेवढं. "लिंबाची साल." पुढे काही नाही. डबा ती पोरांबरोबर खाऊ लागली. मास्तर खोक्यावर एकटे बसत. व्यापाऱ्याच्या पाहणीच्या आदल्या दिवशी तीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी उद्या समोर उभी राहीन. ग्लास माझ्याकडूनच जातील, मला वास येईल. बिघडलेला ग्लास तुम्ही उचललात की मी रुमाल नाकाला लावीन."

"तुम्ही का करताय हे?"

"माणुसकी म्हणून," ती म्हणाली आणि नाक वर करून निघून गेली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. छत्री तळघरात राहिली होती. पण नाक वर करून बाहेर पडलेल्या माणसाला छत्रीसाठी परत फिरता येतं का? गेली तशीच, भिजत, दोन बस बदलून.

पाहणीचा शुक्रवार उजाडला. व्यापारी आले, मालकीणबाईंनी चष्मा चढवला, पांढऱ्या कापडावर चार ग्लास मांडले. मास्तरांनी पहिला ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि हळूच समोर पाहिलं.

गॅसबाईंनी रुमाल नाकाला लावला.

"हा बिघडलेला," मास्तर ठामपणे म्हणाले. व्यापाऱ्यांनी भुवया उंचावल्या. मालकीणबाईंची मान किंचित हलली.

मास्तरांनी दुसरा ग्लास उचलला. गॅसबाईंनी रुमाल नाकाला लावला.

"हा... हाही जरा..."

तिसरा. पुन्हा रुमाल!

"मास्तर," मालकीणबाई म्हणाल्या, "बरं आहे ना तुम्हाला? का माझं अख्खं तळघरच नासलंय?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी नीट पाहिलं तेव्हा कुठे दिसलं. तिचं नाक टोमॅटोसारखं लाल. डोळ्यांतून पाणी. ती बिचारी रुमाल खाली ठेवायची शिकस्त करत होती, ओठावर बोट दाबून शिंक परतवत होती, चेहरा वाकडातिकडा होत होता. आणि शिंकेने शेवटी तिला जुमानलं नाही. अशी शिंकली की ग्लासातली वाइन हलली.

"गॅसबाई, तुम्ही सांगा मग," मालकीणबाई वैतागून म्हणाल्या. "तुमच्या नाकाचं मास्तर एवढं कौतुक करतात. यातला कुठला बिघडलाय?"

तिने ग्लास उचलला. हुंगला. काहीच नाही. नुसती भिंत. जन्मात पहिल्यांदा तिला ती भिंत कळली, आणि आठ-दहा महिने त्या भिंतीसमोर हसतमुखाने उभा राहिलेला माणूसही कळला.

"मी... म्हणजे हा बहुतेक..."

"थांबा," मास्तर म्हणाले. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "त्यांना विचारू नका. त्यांना आज सर्दी झालीये." मग एक मोठा श्वास घेऊन म्हणाले, "आणि मला दहा महिने झालीये."

मास्तरांनी सगळं सांगितलं. ताप, वास, चौथी टाकी, सगळं. "चूक माझी आहे, मालकीणबाई. मी तुमच्यापासून लपवलं. राजीनामा म्हणाल तर आत्ता देतो. पण या बाईंना काढू नका. या वर्षी एकही पिंप नासलं नाही ते यांच्यामुळे. ही वही बघा. शब्द सगळे यांचे आहेत."

त्यांनी लाल वही पुढे केली. मालकीणबाईंचा चेहरा रागाने ताठ झाला होता. "दहा महिने माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत, मास्तर!" असं म्हणून त्यांनी वही हिसकावली आणि मोठ्याने वाचू लागल्या. "पिंप सतरा. नवं दप्तर, शाळेच्या पहिल्या दिवसाचं. मागून लिंबाची साल."

व्यापाऱ्यांनी सहज दुसरा ग्लास उचलला. हुंगला. पुन्हा हुंगला. "अरेच्चा! दप्तर! खरंच की हो! माझं पहिलं दप्तर..." गृहस्थांचा आवाज चक्क कापरा झाला. "वाचा, वाचा पुढे."

"पिंप बावीस. इस्त्री फिरवलेली सुती चादर."

"हा! चौथा ग्लास!" व्यापारी ओरडले. "आणि हा तिसरा कुबट, हे मलासुद्धा कळतंय. पुढे?"

मालकीणबाईंचा राग निम्म्यावर आला होता. त्यांनी पान उलटलं आणि त्याच सुरात वाचलं, "मंगळवार. बाई आल्या नाहीत. आज कशालाच वास नाही."

त्या थांबल्या. खालची ओळ त्यांनी हळू वाचली. "तसा रोजच नसतो. पण आज जाणवलं."

गॅसबाईंचा रुमाल नाकाशी तसाच राहिला. तो मंगळवार अत्तराच्या कितीतरी आधीचा होता. काल पाऊस होता, असं जे म्हणाले होते, ते हे होतं.

मालकीणबाईंनी वही मिटली, चष्मा काढला आणि विचारलं, "मास्तर, हे कुठल्या पिंपाचं म्हणायचं?"

"ते..." पन्नाशीचे मास्तर कानांपर्यंत लाल झाले. "ते पिंपाचं नाही."

व्यापारी खो खो हसले, मालकीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "मला तळघराला एक मास्तर लागतो. एकाची जीभ आणि एकीचं नाक मिळून तो होत असेल तर होऊ दे. पण पुन्हा माझ्याशी खोटं बोललात तर दोघांना टाक्या घासायला बसवीन. आणि गॅसबाई, औषध घ्या!"

संध्याकाळी बसथांब्यावर दोघं उभे होते. पाऊस तिरपा येत होता. छत्री एकच होती, तीही तिची, तळघरात विसरलेली. मास्तरांनी ती तिच्यावर धरली होती आणि स्वतः अर्धे बाहेर होते.

"ते अत्तर," ती खाली बघत म्हणाली, "तुमच्यासाठी लावलं होतं."

"कसं होतं?"

"आता कशाला?"

"सांगा ना."

"वाईट होतं. लेकीचं होतं. गोड गोड, विशीतलं." तिने नाक पुसलं. "मला एक सांगा. उद्या तुमचं नाक परत आलं तर? मग मी कशाला?"

मास्तरांनी छत्री आणखी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बाई, आज तुमचं नाक बंद आहे. तळघराच्या दृष्टीने आज तुमचा काडीचा उपयोग नाही. बरोबर?"

"बरोबर."

"माझी बस त्या बाजूने जाते. ती दोनदा येऊन गेली. मग मी इथे का भिजतोय?"

तिला हसूही आलं आणि शिंकही. दोन्ही एकदम. ती हसता हसता त्यांच्या जवळ सरकली, इतकी की छत्री दोघांना पुरली.

"मला फक्त एकाच गोष्टीचं वाईट वाटतं," मास्तर म्हणाले. "तुमचा वास कसा आहे, ते मला कधी कळलं नाही. तुम्ही सगळ्या जगाचा सांगितलात. तुमचा सांगा."

तिने डोळे मिटले. सर्दी नसती तरी उत्तर आलं नसतं. "स्वतःचा वास स्वतःला नाही हो येत. कुणालाच नाही येत." मग तिने डोळे उघडले. "लेकीला विचारू. चला घरी."

"आत्ता?"

"हंगाम हुकवायचाय का परत?"

दोन बस बदलून दोघं आले. लेकीने दार उघडलं. दारात आई, लाल नाक, चेहरा फुललेला. शेजारी एक ओलेचिंब गृहस्थ, बंद छत्री पोटाशी धरून. लेकीने दोघांकडे पाहिलं, मान पुढे काढली आणि अगदी आईसारखं हुंगलं.

"अय्या, आई! तुम्हा दोघांना एकच वास येतोय!"

"कसला?" दोघांनी एकदम विचारलं.

लेक डोळे मिटून विचार करू लागली. आणि मास्तरांनी तिथेच उंबऱ्यावर उभं राहून खिशातून लाल वही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि म्हणाले, "जरा सावकाश सांग हं, बाळ. लिहून घेतो."